छोट्या डेस्कटॉपची रॅम वाढवायची आहे? आधी झाकण उघडू नका

छोट्या डेस्कटॉपमध्ये रॅम बसवणं हे हाताचं काम म्हणून अगदी किरकोळ आहे. दोन-चार स्क्रू काढायचे, झाकण सरकवायचं, एक पट्टी तिरकी घालून खाली दाबायची. तरीही लोक यात फसतात, आणि बहुतेक जण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीच फसलेले असतात. कुणी चुकीच्या जातीची रॅम आणतं, कुणी स्लॉटच नसलेल्या मशीनसाठी आणतं, आणि कुणी मुळात रॅम कमी पडत नसताना आणतं. म्हणून या लेखातला मोठा भाग झाकण बंद असतानाच्या कामाबद्दल आहे.

छोटा डेस्कटॉप म्हणजे इथे तळहातावर मावणारी किंवा त्याहून थोडी मोठी पेटी: इंटेलच्या एनयूसी मालिकेतली, डेलची ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोची थिंकसेंटर टायनी, एचपीची एलिटडेस्क मिनी, ॲपलचा मॅक मिनी, आणि या धर्तीवर बनणाऱ्या बाकीच्या.

रॅम खरंच कमी पडतेय का?

चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम आणि ब्राउझरचा प्रत्येक टॅब रॅममध्ये जागा घेतो. जागा संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. बराच वेळ हात न लागलेला मजकूर तो उचलून डिस्कवर ठेवतो आणि तुम्ही त्या खिडकीवर परतलात की पुन्हा रॅममध्ये आणतो. विंडोजमध्ये डिस्कवरच्या या जागेला पेज फाइल म्हणतात, लिनक्समध्ये स्वॅप.

अडचण आहे ती वेगातल्या तफावतीची. रॅममधून माहिती हातात यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीला, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, त्यासाठी साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे हजारपट. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे लाखपट. रॅमचं उत्तर एका सेकंदात येतं असं धरलं, तर त्याच हिशेबाने एसएसडीचं उत्तर यायला जवळजवळ १७ मिनिटं लागतील आणि हार्ड डिस्कचं यायला २८ तास. खिडकी बदलल्यावर पडदा गोठतो, माउसचा बाण अडखळतो, ते यामुळे. जास्त रॅम टाकली की डिस्ककडे होणारी ही ये-जा थांबते. तुमच्या मशीनवर ती मुळात होतच नसेल, तर नवीन रॅमने काहीही वाटणार नाही.

त्यामुळे आधी मोजा. नेहमीचं सगळं काम नेहमीसारखं उघडून ठेवा, बंद करायचे राहून गेलेले ते टॅबसुद्धा. मग विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मधलं ‘मेमरी’ पान पाहा. ‘इन यूज’च्या आकड्यापेक्षा ‘कमिटेड’ या शब्दाखालचा पहिला आकडा महत्त्वाचा आहे. प्रोग्रॅमांनी मिळून मागून घेतलेली ती एकूण जागा असते. हा आकडा बसवलेल्या रॅमच्या बराच पुढे रोजच जात असेल आणि खिडकी बदलताना डिस्कचा आलेखही उसळत असेल, तर रॅम कमी पडतेय हे नक्की. लिनक्सवर ‘फ्री’ हा रकाना पाहून लोक उगाच घाबरतात. मोकळी रॅम फाइली हाताशी ठेवण्यासाठी (कॅशे म्हणून) वापरणं ही त्या सिस्टिमची रीतच आहे, म्हणून ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहायचा आणि स्वॅप किती भरला आहे ते पाहायचं. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘मेमरी प्रेशर’ नावाचा आलेख असतो. तो हिरवा असेल तर विषय संपला.

मशीन हळू असण्याची इतर कारणंही याच पानांवर सापडतात. प्रोसेसर १०० टक्क्यांना टेकलेला असेल तर रॅम काही करू शकत नाही. मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी टाका, रॅमचा विचार नंतर. इतका ढळढळीत फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती मला माहीत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ३२-बिटची असेल तर एकूण ४ जीबीच्या पलीकडचे पत्तेच तिला लिहिता येत नाहीत (दोनाचा ३२वा घात तेवढाच होतो), मग वाढीव रॅम नुसती पडून राहील.

किती हवी? विंडोज ११ची अधिकृत किमान अट ४ जीबी आहे आणि ती वाचून विसरून जावी. ८ जीबीत कागदपत्रं, मेल आणि मोजके टॅब निभतात. १६ जीबीत घरचं आणि ऑफिसचं बहुतेक काम निवांत चालतं. व्हर्च्युअल मशीन, मोठ्या छायाचित्रांचं किंवा व्हिडिओचं संपादन, मोठे सॉफ्टवेअर प्रकल्प असं काही असेल तर ३२ जीबी. त्यापुढचा आकडा ज्याला लागतो त्याला तो आधीच ठाऊक असतो.

वाढवायला जागा आहे का?

हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी फारसा कुणी विचारत नसे. आता विचारावाच लागतो, कारण अनेक छोट्या मशीनमध्ये मेमरीच्या चिपा थेट बोर्डावर झाळलेल्या असतात. झाळलेली रॅम घरी वाढवता येत नाही.

मॅक मिनीचा प्रवास पाहिला की ही गोष्ट नीट कळते. २००५ सालचा पहिला मॅक मिनी उघडायला पुट्टीची पातळ पाती कडेने खुपसावी लागे. २०१०च्या मॉडेलला तळाशी गोल झाकण आलं, ते हाताने फिरवलं की रॅम समोर. २०१४मध्ये रॅम बोर्डावर झाळली गेली. २०१८मध्ये स्लॉट परत आले, पण तिथवर पोहोचायला आख्खा बोर्ड बाहेर काढावा लागत होता. २०२०पासून, एम१ चिपबरोबर, मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये गेली. तेव्हा तुमच्याकडे २०२०चा किंवा त्यानंतरचा, ॲपलच्या चिपचा मॅक मिनी असेल तर रॅमच्या बाबतीत हा लेख इथेच थांबवा.

यामागे निव्वळ लबाडी आहे असं म्हणायचा मोह होतो, पण ते अर्धसत्य आहे. एलपीडीडीआर जातीची मेमरी कमी विजेवर जास्त वेगाने चालते आणि त्यासाठी ती प्रोसेसरला खेटून असावी लागते. स्लॉटच्या स्प्रिंगसारख्या संपर्कांतून आणि लांब वाटांवरून जाताना तेवढ्या वेगाचा संकेत मळतो. दुरुस्त करता येणारे संगणक बनवणं हीच जिची ओळख, त्या फ्रेमवर्क कंपनीनेही २०२५मध्ये आपला छोटा डेस्कटॉप आणला तो झाळलेल्या मेमरीचा, आणि कारण हेच होतं. या कोंडीवर सीएएमएम२ नावाची सपाट, स्क्रूने आवळायची मेमरी हा उपाय पुढे आला आहे आणि तिचं मानक डिसेंबर २०२३मध्ये जाहीर झालं. तुमच्या आजच्या मशीनला तिचा उपयोग नाही.

स्वतःच्या मशीनचं कसं कळणार? टास्क मॅनेजरच्या त्याच ‘मेमरी’ पानावर खाली ‘फॉर्म फॅक्टर’ असतो. तिथे ‘एसओडिम’ लिहिलं असेल तर स्लॉट आहेत. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलं असेल तर रॅम झाळलेली आहे. ‘स्लॉट्स यूज्ड’मध्ये दोनपैकी एक भरलेला दिसला तर उत्तमच. पण या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, कारण झाळलेल्या चिपांनाही काही मशीन स्लॉट म्हणून मोजतात. खात्रीची जागा म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरचं त्या नेमक्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. त्यात स्लॉट किती, प्रत्येकी कमाल किती जीबी, आणि झाकण कुठून उघडतं हे चित्रांसकट असतं. झाकण उघडल्याने वॉरंटीवर काय परिणाम होतो तेही याच वेळी वाचून घ्या.

कमाल मर्यादेला दोन बाजू असतात, बोर्डाची आणि प्रोसेसरची. इंटेलचा एन१०० हा स्वस्त छोट्या पेट्यांमध्ये सर्रास आढळणारा प्रोसेसर घ्या. त्याला एकच चॅनेल, म्हणजे मेमरीकडे जाणारी एकच वाट, आहे आणि इंटेलने कमाल मर्यादा १६ जीबी लिहिली आहे. अशा पेटीत एकच स्लॉट असतो. म्हणजे ८ जीबीच्या जोडीला आणखी ८ असं होणार नाही, जुनी पट्टी काढून १६ची घालावी लागेल. काही लोक अशा मशीनमध्ये ३२ जीबी घालतात आणि ती चालतेही, पण न चालल्यास तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्न उरतो.

जात ओळखणं

इथे घोळ सर्वात जास्त होतो, म्हणून जरा सावकाश.

आधी आकार. मोठ्या डेस्कटॉपमधली पट्टी सुमारे १३३ मिलिमीटर लांब असते, तिला डिम म्हणतात. छोट्या पेट्यांत जवळजवळ नेहमी एसओडिम असते, लांबी सुमारे ६८ मिलिमीटर. लॅपटॉपमध्ये असते तीच. त्यामुळे ‘डेस्कटॉप रॅम’ असं शोधून मागवली तर हमखास चुकीची येईल. ‘लॅपटॉप रॅम’ असं शोधणं विचित्र वाटलं तरी तेच बरोबर आहे.

मग पिढी. डीडीआर३ एसओडिमला २०४ पिना, डीडीआर४ला २६०, डीडीआर५ला २६२. प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, एवढंच. प्रोसेसरच्या नावावरून पिढी ठरवू नका: इंटेलचे १२व्या पिढीपासूनचे कित्येक प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींबरोबर चालतात, पण बोर्ड मात्र त्यातल्या एकाचाच असतो.

एका ठिकाणी खाच तुम्हाला वाचवत नाही. डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. दोन्हींची खाच एकाच जागी. २०१३-१४च्या सुमाराच्या कित्येक छोट्या पेट्यांना फक्त डीडीआर३एल चालते. त्यांत साधी डीडीआर३ छान बसते, क्लिपाही लागतात, आणि पडदा काळाच राहतो. जुनं मशीन असेल तर तो ‘एल’ शोधाच.

सगळ्यात भरवशाची माहिती मशीनमधल्या पट्टीवरच चिकटवलेली असते. स्टिकरवर ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-एस’ अशा धाटणीची ओळ दिसेल. पीसी४ म्हणजे डीडीआर४. ३२०० हा वेग. शेवटचा एस म्हणजे एसओडिम. मधलं १आरएक्स८ म्हणजे एकाच रांगेत प्रत्येकी ८ बिटांच्या चिपा, एकूण आठ, कारण पट्टीची रुंदी ६४ बिटांची असते. त्याऐवजी १आरएक्स१६ असेल तर चार मोठ्या चिपा असतात. डीडीआर४मध्ये अशी चार चिपांची पट्टी किंचित हळू असते. निवड असेल तर एक्स८ घ्या, नसेल तर झोप उडवून घेऊ नका.

वेगाच्या आकड्याबद्दल लोक फारच हळवे असतात. सगळ्या पट्ट्या मिळून त्यातल्या सर्वात हळू पट्टीच्या वेगाने चालतात, आणि प्रोसेसरची मर्यादा त्याहून कमी असेल तर तिच्या वेगाने. २६६६ची मर्यादा असलेल्या मशीनमध्ये ३२००ची पट्टी मुकाट्याने २६६६वर चालते, बिघडत काही नाही. मोठ्या डेस्कटॉपसाठी चढ्या वेगाच्या ज्या प्रोफाइल मिळतात, त्या छोट्या पेट्यांचं बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) बहुधा वाचतही नाही. त्यामुळे साधी, मानक वेगाची पट्टी घ्यावी. नवीन पिढी प्रत्येक बाबतीत चपळ असते हाही गैरसमज आहे. डीडीआर४-३२००, सीएल२२ या मानक पट्टीचा प्रतिसाद सुरू व्हायला २२ चक्रं, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद लागतात. डीडीआर५-४८००, सीएल४०ला १६.६७. डीडीआर५ची कमाई आहे ती एका वेळी जास्त माहिती वाहून नेण्यात.

एक मोठी की दोन छोट्या?

प्रोसेसरला दोन चॅनेल असतील आणि मशीनला दोन स्लॉट, तर दोन सारख्या पट्ट्या घ्या. वेगाचे आकडे, लेटन्सीचे (प्रतिसादाला लागणाऱ्या वेळेचे) आकडे, स्टिकरवरची अक्षरं या सगळ्यांपेक्षा या एका निर्णयाचा परिणाम मोठा आहे.

हिशेब सोपा आहे. डीडीआर४-३२०० म्हणजे सेकंदाला ३२० कोटी वेळा ६४ बिट, म्हणजे ८ बाइट, पाठवणं. गुणाकार केला की सेकंदाला २५.६ जीबी. दोन स्लॉटमध्ये दोन पट्ट्या असल्या की दोन्ही वाटा एकदम चालतात आणि ५१.२ जीबी होतात. टायपिंग करताना हा फरक जाणवणार नाही. पण छोट्या पेटीत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असतं आणि त्याला स्वतःची मेमरी नसते. ते मुख्य रॅमच वापरतं. त्यामुळे खेळ, व्हिडिओ संपादन, एकाहून जास्त मोठे मॉनिटर असं काही असेल तर एकाच पट्टीवर ग्राफिक्सची उपासमार होते.

आधीची ८ जीबीची पट्टी ठेवून शेजारी १६ची घातली तर? इंटेलच्या मशीनमध्ये अशा वेळी १६ जीबी (दोन्हींकडची आठ-आठ) दोन्ही वाटांनी चालते आणि उरलेली ८ एकाच वाटेने. वाईट नाही. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वयाच्या पट्ट्या एकत्र नांदतीलच याची हमी कुणी देत नाही. जोडी म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन पट्ट्या एकत्र तपासलेल्या असतात, त्या हमीसाठी चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्यावेत.

आता झाकण

महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या. मशीन पूर्ण बंद करा, झोपवू नका. विजेची वायर काढा आणि मग चालू-बंदचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जाईल.

स्थिर विजेची भीती काही जण वाजवीपेक्षा जास्त बाळगतात, काही जण मुळीच नाही. अंगावरून ठिणगी उडालेली आपल्याला जाणवते तेव्हा दाब साधारण ३,००० व्होल्टच्या आसपास असतो, आणि चिप त्याहून खूप कमी दाबानेही बिघडू शकते, म्हणजे तुम्हाला काहीच न कळता. उपाय साधा आहे: गालिचावर बसून काम करू नका, पेटीच्या उघड्या धातूला अधूनमधून हात लावत राहा, पट्टी कडेने धरा, सोनेरी पिनांना बोट लावू नका. मनगटाचा पट्टा असेल तर घाला, नसला तरी एवढ्यावर निभतं.

ऑप्टिप्लेक्स मायक्रोसारख्या पेटीत मागे एक स्क्रू असतो, तो सैल केला की झाकण सरकतं. एनयूसीसारख्या पेटीत तळाच्या चार पायांतले स्क्रू सैल करायचे. तिथे एक सांभाळा: तळाच्या झाकणाला कधीकधी २.५ इंची डिस्क जोडलेली असते आणि तिची चपटी, नाजूक केबल बोर्डाला लागलेली असते. झाकण झटक्यात उपसलं तर ती तुटते. काही मॉडेलमध्ये स्लॉट पंख्याखाली किंवा बोर्डाच्या उलट्या बाजूला असतात. सर्व्हिस मॅन्युअल आधी पाहायचं ते यासाठी. उघडल्यावर फोनने एक फोटो काढून ठेवा.

जुनी पट्टी काढताना दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेरच्या दिशेने ढकला. पट्टी आपोआप तिरकी वर येते, त्याच कोनात ओढून घ्या. नवीन पट्टी घालताना खाच जुळवा आणि साधारण ३० अंशांच्या कोनात आत सरकवा. सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा व्हायला हव्यात. नवखे लोक हमखास अडखळतात ते इथे: पट्टी पुरती आत न जाताच खाली दाबतात, क्लिपाही लागतात आणि मशीन मात्र उठत नाही. पिनांची रुंद सोनेरी रेघ दिसत असेल तर ती अजून आत जायची आहे. मग दोन्ही कोपरे एकदम खाली दाबा, क्लिपा टिचकन लागतील. स्लॉट एकावर एक असतील तर खालचा आधी भरा.

पिना खोडरबराने घासण्याचा सल्ला फार जुना आहे आणि मला तो पटत नाही. रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो आणि सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो. गरजच पडली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड.

पहिल्यांदा चालू करताना

बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला तर लगेच बंद करू नका. नवीन मेमरी दिसली की मशीन तिच्याशी वेळेचं गणित जुळवतं, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५मध्ये यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात. मध्येच वीज तोडली तर पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं थांबा. तरीही काही नाही, तर वायर काढून पट्ट्या पुन्हा बसवा. मग एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये घालून पाहा. शेवटी जुनी पट्टी परत घाला. ती चालली तर मशीन ठीक आहे आणि दोष नव्या रॅममध्ये किंवा तिच्या जातीत आहे.

चालू झालं की बायोसमध्ये आणि मग सिस्टिममध्ये एकूण आकडा पाहा. १६ जीबी बसवून वापरण्याजोगी १५.८ किंवा त्याहून थोडी कमी दिसली तर चोरी झालेली नाही. तेवढा भाग ग्राफिक्सने आणि हार्डवेअरने राखून ठेवलेला असतो.

आता ज्याला सगळे फाटा देतात ते काम. मेमटेस्ट८६+ हे मोफत साधन पेन ड्राइव्हवर घ्या, मशीन त्यावरून सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. रॅममधला एखादा खराब बिट मशीन लगेच बंद पाडत नाही. तो सेव्ह होणाऱ्या फाइलीत एखादं अक्षर बदलतो, कधीतरी निळा पडदा आणतो, आणि तुम्ही महिनाभर सॉफ्टवेअरला दोष देत बसता. चाचणीत एक जरी चूक निघाली तरी ती पट्टी परत करायची, आणि परत करायची मुदत संपायच्या आत. ‘एकच तर आहे’ असा हिशेब इथे चालत नाही.

जुनी चांगली पट्टी अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा. पुढे कधी मशीन उठलं नाही तर दोष कुठे आहे हे ओळखायला तिचा उपयोग होतो. कुणाला द्यायची असली तरी तुमची माहिती तिच्यातून जाईल ही धास्ती नको. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरमधला गळका विद्युतभार असतो, डीडीआर४मध्ये तो दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो, आणि वीज गेल्यावर नेहमीच्या तापमानाला तो काही सेकंदांपासून काही मिनिटांत उडून जातो.